सीडी वाकते, डबी तडकते: रांगाच नसतील तर सरकतं काय?

प्रश्न असा आला आहे: "मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धातू ताणला की स्फटिकातली डिस्लोकेशन्स (अणूंच्या रांगांमधले दोष) सरकतात, हे पुस्तकात नीट दिलंय. पण काच, प्लास्टिक, रबर यांच्यात अणूंच्या रांगाच नसतात. मग तिथे सरकतं काय? आणि सगळेच अस्फटिकी असतील तर सीडी वाकते, सीडीची डबी तडकते, रबर सहा-सातपट लांबतं आणि काच लांबतच नाही, असं का?"

सीडीपासूनच सुरू करते. लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांच्या हातात एक जुनी सीडी आणि तिची डबी देते, गॉगल लावायला सांगते आणि म्हणते, वाकवा. सीडी धनुष्यासारखी वाकते, सोडली की बरीचशी सरळ होते, फार दामटली तरच तुटते. डबीचं झाकण मात्र कट्‌कन जातं, आणि तुटलेल्या कडेजवळ चंदेरी केसांसारख्या बारीक रेषा दिसतात. सीडी पॉलिकार्बोनेटची, डबी पॉलिस्टायरीनची. दोन्ही आरपार, दोन्ही पूर्ण अस्फटिकी. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास. म्हणजे खोलीतल्या हवेत जे जास्त गोठलेलं आहे तेच जास्त वाकतं. इथे मुलं गोंधळतात, आणि गोंधळावंच.

थोडक्यात उत्तर आधी देऊन टाकते. अस्फटिकी पदार्थात ठरलेला असा दोष सरकत नाही. आत जिथे मांडणी जराशी सैल असते तिथले काही डझन ते शंभरेक अणू एका दमात आपली बैठक बदलतात. असे बदल असंख्य ठिकाणी झाले की वस्तू कायमची लांबते. पण ती किती लांबणार, हे त्या छोट्या बदलावरून कळत नाही, कारण तो काचेत, प्लास्टिकात, अगदी काचेसारख्या गोठवलेल्या धातूतही बराचसा सारखाच असतो. खरा सवाल पुढचा आहे: एका जागी ढिलाई आली की ती तिथेच साचत जाते, की शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटली जाते? सीडी आणि डबी यांच्यातला फरक एवढाच. (रबराचं घराणं वेगळं, त्याच्याकडे नंतर येते.)

डिस्लोकेशनबद्दल दोनच ओळी. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ती कल्पना मांडली. मोठी सतरंजी अख्खी ओढण्याऐवजी एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलावी, तसं. पण सुरकुती पुढे जायला खाली सरळ सतरंजी लागते. रांगाच नसतील तर सुरकुती कुठून कुठे जाणार?

आता संध्याकाळी दादरला भरलेला लोकलचा डबा डोळ्यांपुढे आणा. तुम्हाला दाराकडे सरकायचं आहे. रांग नाही, वाट नाही. तरी तुम्ही सरकता, कारण तुमच्या भोवतीचे दहा-पंधरा जण एकदम थोडे थोडे वळतात. कुणी खांदा तिरका करतो, कुणी पिशवी वर घेतो. एकट्याने काही होत नाही, टोळक्याने होतं. आणि ते कुठेही होत नाही, जिथे आधीच वीतभर जागा मोकळी असते तिथेच होतं. अस्फटिकी पदार्थातली ती टोळकी म्हणजे संशोधक ज्याला शिअर ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात ते. अली अर्गॉन यांनी १९७९ मध्ये हे मांडलं, आणि त्यासाठी त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं: साबणाच्या पाण्यावर दोन वेगळ्या आकारांच्या बुडबुड्यांचा एकपदरी थर तरंगवला. एकाच आकाराचे बुडबुडे सुरेख रांगा लावतात, दोन आकार मिसळले की रांगा मोडतात. तो थर तिरका ओढल्यावर कुठले बुडबुडे कुठे जातात, ते साध्या डोळ्यांनी दिसतं.

डब्याची उपमा अजून थोडी ताणू. टोळकं वळलं की त्याचा धक्का पलीकडच्यांना बसतो. काही दिशांच्या शेजाऱ्यांवरचा ताण वाढतो, काहींवरचा कमी होतो. गणित करायला १९५७ चं एशेल्बी यांचं काम हाताशी असतं. ज्यांच्यावर ताण वाढला त्यांच्यातलं एखादं टोळकं काठावर असेल तर तेही घसरतं, मग त्याचा शेजारी. झालं, एका तिरक्या रेषेत सगळी ढिलाई गोळा होते. गर्दीत एकाने कोपर मारला की लाट कशी जाते, तशी.

हे सगळ्यात नागडं दिसतं ते धातूच्या काचेत. १९६० मध्ये कॅलटेकमध्ये पोल ड्युवे यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनचा रस सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने गार केला. अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. आज तुमच्या कॉलनीतल्या एखाद्या वितरण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातही अशी लोह-बोरॉन-सिलिकॉनची पट्टी असू शकते, सुमारे २५ मायक्रॉन जाडीची. असली पट्टी ताणताना फार मजा येते. साधं बांधकामाचं पोलाद ०.१२ टक्क्याच्या आसपास ताणलं की कायमचं वाकायला लागतं. धातूची काच दोन टक्क्यांपर्यंत स्प्रिंगसारखी परत येते, म्हणजे पंधरा-सोळापट. झिर्कोनियमवर आधारलेल्या मिश्रधातूंची ताकद दोन गिगापास्कलच्या (म्हणजे दोन हजार मेगापास्कलच्या; ही ताण मोजायची एककं) जवळ जाते. आणि मग? मग काही नाही, धाडकन संपतं. सगळी ढिलाई दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या एकाच पट्ट्यात साचते, पट्टा घसरतो, तुकडे होतात. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पिंपळपानाच्या शिरांसारखी नक्षी दिसते. शेवटच्या क्षणी तिथला धातू चिकट रसासारखा वाहिल्याची ती खूण. म्हणजे अब्जांश मीटरच्या पट्ट्यात भरपूर वाहणं, आणि वस्तू म्हणून पाहाल तर ठिसूळ.

त्यात एक गंमत आहे. तीच पट्टी नव्याने आलेली असेल तर दोन बोटांत धरून पूर्ण उलटी दुमडता येते, मोडत नाही. कारण वाकवताना ताण बाहेरच्या कडेला जास्त आणि मध्याला शून्य असतो. घसरणारा पट्टा मध्यापर्यंत येऊन अडतो, मग दुसरा सुरू होतो, मग तिसरा. पण गाभ्याचे चुंबकीय गुण सुधारायला ती पट्टी भट्टीत ठेवून काढली की तीच पट्टी दुमडताना तुकडे होते. वजन तेवढंच, मिश्रण तेच, रांगा तेव्हाही नव्हत्या आणि आताही नाहीत. मग बदललं काय? हा धागा धरून ठेवा.

खिडकीच्या काचेचं त्यामानाने सोपं आहे. तिथे टोळक्यांची पाळीच येत नाही, आधीच तडा जातो. काचेचे बंध किती मजबूत आहेत यावरून हिशेब केला तर तिची ताकद कित्येक हजार मेगापास्कल निघते. प्रत्यक्षात तावदान शंभर मेगापास्कलच्या बरंच आतच फुटतं. १९२१ मध्ये ग्रिफिथ यांनी दाखवलं की दोष पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांचा आहे, आणि काचेचा धागा जितका बारीक ओढाल तितका तो मजबूत निघतो. काचवाला हिरकणीने फक्त एक रेघ मारतो आणि अंगठ्याने दाबून तावदान मोडतो, तो ग्रिफिथचाच धंदा करतो. त्यातही ओली हवा मदत करते: पाण्याचे रेणू तड्याच्या टोकावरचे ताणलेले बंध कुरतडतात, म्हणून ओरखडा असलेल्या काचेवर ताण तसाच राहिला तर ती कमजोर होत जाते. पण काचेत टोळकी नाहीतच असं समजू नका. हिऱ्याचं अणकुचीदार टोक काचेवर जपून दाबा. तडा न जाता कायमचा खळगा उमटतो. दाबलं की काच वाहते, ताणली की तडकते. आणि जुन्या चर्चची तावदानं खाली जाड असतात कारण काच शतकानुशतकं खाली ओघळते, ही थाप आहे. त्या काळी काच असमान जाडीची निघायची, बस. खोलीच्या तापमानाला काच ओघळायला विश्वाचं वयही अपुरं पडेल.

आता साचणं आणि पसरणं. हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, तर मांडे करणाऱ्या बाईच्या हातावर समजलं. खान्देशात पुरणाचे मांडे करताना कणीक भरपूर तिंबतात, सैल ठेवतात, झाकून मुरू देतात. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत ताणतात, कोपरापर्यंत पसरेल इतका, आणि पालथ्या खापरावर टाकतात. वजनाने लोंबत असलेली ओली कणीक आहे ती. एखाद्या जागी किंचित पातळ झाली तर तिथलं क्षेत्रफळ कमी, म्हणजे तिथला ताण जास्त, म्हणजे ती आणखी पातळ व्हायला हवी आणि भोक पडायला हवं. पडत नाही. कारण जिथे कणीक जास्त ताणली गेली तिथे गव्हातल्या ग्लुटेनचं जाळं ताठ होतं, ती जागा आसपासपेक्षा चिवट बनते, आणि पुढचं ताणणं शेजारच्या जाड भागाने करायचं ठरतं. ज्वारीच्या पिठाला ते जाळंच नाही, म्हणून भाकरी थापावी लागते, ताणता येत नाही. ताणल्यावर पातळ होण्याने जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा चिवटपणाची वाढ जास्त आहे का, एवढाच प्रश्न. फ्रेंच इंजिनिअर कॉन्सिदेअर यांनी १८८५ मध्ये तो धातूंसाठी आकड्यांत मांडला.

पॉलिकार्बोनेटचं डंबेल (टोकांना रुंद, मध्ये अरुंद अशी पट्टी) यूटीएमवर, म्हणजे ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं की हेच जबड्यांच्या मध्ये घडताना दिसतं. मधला भाग १३ मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. मिनिटाला ५० मिमी वेगाने ओढायला लागलो की सहा-सात टक्क्यांपर्यंत रेषा चढते, साठ-पासष्ट मेगापास्कलला टेकते. म्हणजे बोटभर रुंदीच्या पट्टीवर अडीचशे किलोहून जास्त ओझं. तिथून ती घसरते. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं. पण सँपलवर कुठेतरी एक मान पडते, कडा आत जातात, आणि ती मान तुटण्याऐवजी वर आणि खाली सरकायला लागते. मानेतला भाग मूळच्या दीड-दोनपट ताणला गेलेला, तरी आरपार स्वच्छ. मशीनचा आकडा जवळपास सपाट, मान चालत राहते, अख्खा मधला भाग मानच होऊन बसतो, आणि मग कुठे पुन्हा रेषा चढून सँपल तुटतं. वेग वाढवला आणि मशीन थांबवून मानेला बोट लावलं तर कोमट लागतं. ढकलाढकलीची ती ऊब.

पॉलिस्टायरीन लावा. चाळीस-पन्नास मेगापास्कल, दोन टक्के, कट्. संपलं. पण तुटण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत उजेडाकडे तिरकं धरून पाहिलं तर ओढण्याच्या दिशेला आडव्या चंदेरी रेषा उगवतात. ते तडे नाहीत, क्रेझ आहेत. त्यांच्या आत निम्म्याहून अधिक पोकळी आणि उरलेल्या जागेत दोन काठ जोडणारे काही नॅनोमीटर जाडीचे असंख्य धागे. ते धागे जीव तोडून ओझं धरून ठेवतात, आणि प्रत्येक धागा स्थानिक पातळीवर चांगला चौपट लांबलेला असतो. पुन्हा तेच: आत चौपट, बाहेरून दोन टक्के. कारण ढिलाई मूठभर रेषांत साचली.

हा फरक का, याचं उत्तर गुंतवळीत आहे. प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी, आणि वस्तू म्हणजे विंचरल्यावर फणीत अडकलेली केसांची गुंतवळ. दोन गाठींमधला मोकळा केस किती लांब, यावर खेळ ठरतो. पॉलिकार्बोनेटमध्ये गाठींमधल्या तुकड्याचं रेणूभार साधारण दोन हजाराच्या घरात, पॉलिस्टायरीनमध्ये अठरा हजारांच्या. म्हणजे सीडीच्या प्लास्टिकचं जाळं दाट: थोडं ताणलं की साखळ्या तणतात, ती जागा ताठ होते, ढिलाईला शेजारी पाठवून देते. डबीच्या प्लास्टिकचं जाळं इतकं विरळ की तणाव येईपर्यंत त्या जागेचा निकाल लागलेला असतो. मांडे आणि भाकरी, दुसरं काही नाही.

डबीचं प्लास्टिक सुधारायला उद्योगाने जे केलं तेही याच तर्काचं. पॉलिस्टायरीनमध्ये रबराचे बारीक गोळे मिसळले की क्रेझ एक-दोन मोठ्या होण्याऐवजी प्रत्येक गोळ्याच्या कुशीत एक, अशा लाखो छोट्या होतात. तेच हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. वाकवल्यावर ते पांढरं पडतं, ती पांढरी रेघ म्हणजे लाखो पोकळ्यांवरून विखुरलेला उजेड. लोक पांढरं पडलं की माल खराब म्हणून परत पाठवतात. खरं तर ते प्लास्टिक तुटू नये म्हणून धडपडलेलं असतं. (पिशवीचं प्लास्टिक मात्र यात धरू नका, पॉलिथिनमध्ये बराचसा भाग स्फटिकांचा असतो, तो वेगळा तमाशा.)

आता मघाचा धागा. भट्टीतून काढलेली पट्टी ठिसूळ का झाली?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने पॉलिकार्बोनेटची पारदर्शक झाकणं आणली. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. गोळा टाकण्याच्या चाचणीत जुन्या झाकणांवर नुसता खळगा पडायचा, नवीन सरळ फुटत होती. त्यांची खात्री होती की दाणा भेसळीचा आलाय, त्यात कुणीतरी रीग्राइंड, म्हणजे जुनं प्लास्टिक दळून केलेला माल, घुसवलंय, आणि पुरवठादाराशी भांडण पेटलेलं. आम्ही डंबेल कापून ओढली. नवीन झाकणांची ताकद उलट काही मेगापास्कलने जास्त निघाली! दाणाही सारखाच. मग त्यांच्या मोल्डिंगच्या माणसाला चहा पाजून विचारलं की अलीकडे काय बदललंत. तो म्हणाला, काही नाही मॅडम, स्क्रूच्या भोकांपाशी तडे जायचे म्हणून आता माल १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवतो, ताण निघून जातो. ताण निघून गेला होता हे खरंच. पण त्याबरोबर झाकणं म्हातारीही झाली होती.

गोठलेल्या गुंतवळीला आणखी घट्ट बसायचं असतं, पण गार असल्याने हलता येत नाही. मऊ पडण्याच्या तापमानापासून वीस-पंचवीस अंश खाली ठेवलं की ती हळूहळू मुरते, मोकळ्या जागा कमी होतात. टोळक्यांना वळायला जागा कमी, म्हणून पहिलं घसरणं सुरू व्हायला ताण जास्त लागतो. कागदावर ताकद वाढलेली दिसते. पण एकदा का एका जागी मुरलेली मांडणी विस्कटली की ती जागा आसपासच्या मुरलेल्या मालापेक्षा फारच मऊ ठरते. शिखर उंच, पलीकडची दरी खोल. दाट जाळं ती दरी सपाट पट्टीत कशीबशी भरून काढतं, म्हणून साध्या ओढण्याच्या चाचणीत झाकण उत्तीर्ण. कोपरा, खाच किंवा भोक असेल तिथे नाही भरून काढत. खाच पाडून आयझॉडचा (आघात चाचणीच्या यंत्राचा) हातोडा मारल्याबरोबर फरक उघड्यावर आला. ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीचंही असंच: भट्टीत मोकळ्या जागा मिटल्या, मग जे घसरणं अनेक पट्ट्यांत वाटलं जायचं ते एकात साचलं.

म्हातारपण उलटवताही येतं, आणि हे नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या संशोधकांनी नीट मोजलंय. पॉलिस्टायरीनची पट्टी दोन रुळांमधून दाबून काढा, म्हणजे मुरलेली मांडणी जागोजाग विस्कटते. लगेच ओढली तर तीच ठिसूळ पट्टी तुटायच्या ऐवजी चक्क मान काढते. थोडा वेळ ठेवून द्या, पुन्हा मुरते आणि पुन्हा कट्. पॉलिकार्बोनेटला परत मुरायला कितीतरी जास्त काळ लागतो, म्हणून ते तरुणपणाचा फायदा बराच काळ उपभोगतं. तुमच्या पुस्तकात प्रत्येक प्लास्टिकपुढे एकच ताकद छापलेली असेल. मला त्या रकान्याचा राग येतो. कुठल्या वेगाने, कुठल्या तापमानाला आणि मोल्डमधून निघाल्यावर किती दिवसांनी, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे. वेग दसपट केला की ताण ठरावीक पायरीने चढतो. १९३६ पासून आयरिंग यांचं सूत्र त्यासाठी वापरतात आणि आजही ते चालतं.

तापमानाबरोबर आणखी एक गोष्ट मोजावी लागते ती पाणी. लोणावळ्याहून आणलेली चिक्की जूनमध्ये वाकते आणि जानेवारीत कडाक्कन मोडते. पाक गार होताना साखरेला स्फटिक करायला वेळ मिळत नाही, ती काच होते. कोरड्या साखरेची काच साठ-सत्तर अंशांना मऊ पडते, पण हवेतलं पाणी शिरलं की हा आकडा भराभर खाली येतो आणि पावसाळ्यात खोलीच्या तापमानाला भिडतो. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा धागा इतका बारीक की पाणी क्षणात आत, म्हणून ते जिभेवर जायच्या आधीच बसायला लागतात.

आता रबर. तिथे टोळकी, साचणं, पसरणं हे सगळं बाजूला ठेवा. रुंद रबरबँड घ्या, वरच्या ओठाला टेकवा, झटकन ताणा. ऊबदार लागेल. ताणलेलाच धरून अर्धा मिनिट थांबा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. गार लागेल. हे पहिल्यांदा नोंदवलं ते इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफ यांनी, १८०५ मध्ये. लहानपणी देवीच्या साथीत त्यांची दृष्टी गेलेली. जॉन डाल्टन त्यांच्या हाताखाली शिकलेला. ओठ हेच त्यांचं तापमापक. त्यांनी हेही टिपलं की ओझं लटकवलेलं रबर तापवलं तर लांबण्याऐवजी आकसतं. १८५९ मध्ये जूल यांनी ते आकड्यांनी पक्कं केलं. कारण कळायला मात्र १९३० चं दशक उजाडावं लागलं.

स्प्रिंग ताणली की तिच्या अणूंमधले बंध ताणले जातात. रबर ताणलं तरी बंध जवळपास तसेच राहतात. गुंतवळीतली प्रत्येक साखळी फक्त सरळ होते. वेडीवाकडी पडून राहायला साखळीला असंख्य तऱ्हा आहेत, सरळ राहायला मोजक्याच. उष्णतेची वळवळ तिला सतत वेडीवाकडी करू पाहते, तीच तुमच्या बोटांना जाणवणारी ओढ. म्हणून तापवलं की वळवळ वाढते, ओढ वाढते, रबर आकसतं. म्हणूनच ते इतकं मऊही असतं: ताठपणाच्या मापात (ताकदीच्या नव्हे) काच सत्तर हजार मेगापास्कलची, साधं रबर एक-दोन मेगापास्कलचं. गंधकाने साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून त्या घसरून निघून जात नाहीत. आणि खूप ताणलं, मूळच्या चार-पाचपट वगैरे, की नैसर्गिक रबरात तुमच्या त्या हरवलेल्या रांगा चक्क लागतात. साखळ्या शेजारी शेजारी येऊन स्फटिक होतात. कॅट्झ यांनी १९२५ मध्ये क्ष-किरणांनी ते दाखवलं. पंक्चर झालेल्या जागी रबर सहज फाटत का जात नाही, त्याचं बरंचसं श्रेय या स्फटिकांना.

पण ही वळवळ गोठली तर? नैसर्गिक रबर उणे सत्तर अंशांना काच होतं. तिथवर जायचीही गरज नाही. मऊपणा त्याच्या बराच आधी आळशी होतो. २८ जानेवारी १९८६ च्या गारठलेल्या सकाळी चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी पुरेशा चपळाईने फुगून फट भरू शकली नाही. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननी अपघाताच्या चौकशीत त्या रबराचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडवल्यावर तो लगेच परत येत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. ते रबर तेव्हा तुटलं नव्हतं, काचही झालं नव्हतं. फक्त उशीर करत होतं.

रबराची ओढ आणि प्लास्टिकची गोठण एकाच वस्तूत पाहायची असेल तर पाण्याची रिकामी बाटली न्हाणीघरात ठेवा आणि जपून उकळतं पाणी ओता. बाटली अंग चोरून लहान होते. ती मुळात परीक्षानळीएवढ्या जाड नळीतून शंभर अंशांच्या आसपास ताणून-फुगवून केलेली असते आणि तशीच ताणलेल्या अवस्थेत गार केलेली. साखळ्यांना परत वेडंवाकडं व्हायचंच होतं, फक्त गोठल्यामुळे अडकल्या होत्या. पाण्याने पंचाहत्तर-ऐंशीची हद्द ओलांडली की सुटतात. झाकणाच्या आटीचा भाग ताणलेलाच नसतो, म्हणून तो मऊ पडला तरी आकसत नाही.

तुमच्या कॉलेजात यूटीएम असेलच. प्रोजेक्टसाठी महागडं काही आणू नका, सीडीच्या पाच-सहा डब्या गोळा करा. आधी लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल डोळ्याला लावून तो रंग काळपट होईल असा फिरवा आणि झाकण मध्ये धरा. आरपार दिसणाऱ्या झाकणात इंद्रधनुषी पट्टे उठतील. जिथे पट्टे दाट आहेत, बहुधा एका कडेला मध्यावर, तिथून मोल्डमध्ये रस शिरला. तिथल्या साखळ्या एका दिशेला ओढलेल्या गोठल्या आहेत. त्या दिशेला समांतर पाच पट्ट्या कापा, आडव्या पाच, कडा बारीक पॉलिश पेपरने साफ करा नाहीतर ग्रिफिथचे ओरखडेच मोजत बसाल. पट्टीवर दिशा मार्करने नको, टोकाला खाचही नको, कागदी लेबल लावून लिहा. पाच मिमी आणि पन्नास मिमी, दोन्ही वेगांनी ओढा. सँपल तुटायच्या आधी क्रेझ दिसल्या त्या क्षणीचा ताण वेगळा नोंदवा, तो यूटीएमच्या रिपोर्टमध्ये येत नाही, डोळ्यांनीच पाहावा लागतो.